एकोणऐंशी रेखांश: हानले, नागपूर आणि बीएल लॅसर्टीचे भडके

रोहिणी_त्रिमूर्तीनगर (धागाकर्ती)

ऑगस्ट २०२१. नागपुरात झड लागली होती. रोज संध्याकाळी जगभरच्या निरीक्षकांच्या नोंदी उघडायच्या आणि आकडा पाहायचा, एवढंच माझ्या हातात होतं. बीएल लॅसर्टी ही दूरची दीर्घिका तेजाने चढत होती. एरवी १४-१५व्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) आसपास रेंगाळणारा तो ठिपका १३वर आला, मग १२वर, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तांबड्या फिल्टरमध्ये १२हूनही तेजस्वी झाला. तिची इतकी तेजस्वी नोंद त्याआधी कधी झाली नव्हती. चांगल्या आकाशात सहा इंची दुर्बिणीतून ती नुसत्या डोळ्यांना दिसली असती. ९० कोटी प्रकाशवर्षांवरून. आणि माझी आठ इंची दुर्बीण जिन्याच्या खोलीत ताडपत्रीखाली होती.

मला पहिली मोकळी रात्र मिळाली ती ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपल्यावर. तोपर्यंत ती उतरणीला लागून १३व्या प्रतीच्या आसपास आली होती. त्या रात्रीपासून आजवर, पावसाळ्याचे महिने सोडले तर, जमेल त्या प्रत्येक रात्री मी तिची प्रत मोजते आहे. ते काम काय आहे आणि नागपूरच्या माणसाने ते का करावं, हे सांगायला हा धागा काढला.

आधी ओळख. बीएल लॅसर्टी हे नाव ताऱ्याचं आहे, कारण १९२९ साली जर्मनीत कुनो हॉफमाइस्टर यांना ती सापडली तेव्हा ती आपल्याच आकाशगंगेतला रूपविकारी (तेज बदलणारा) तारा समजली गेली. सरठ या तारकासमूहातल्या अशा ताऱ्यांच्या यादीत तिला 'बीएल' ही अक्षरं मिळाली. सरठ म्हणजे हंस आणि देवयानी यांच्या मधली फिकट जागा, जिकडे आपण सहसा बघतही नाही. पुढे १९६८ साली लक्षात आलं की एक विचित्र रेडिओ स्रोत नेमका याच 'ताऱ्या'च्या जागी आहे. १९७४ मध्ये तिची ताम्रसृती (प्रकाश तांबड्याकडे किती सरकलाय ते, त्यावरून अंतर कळतं) मोजली गेली, सुमारे ०.०७, आणि तारा म्हणून चाळीस वर्षं यादीत बसलेली ही वस्तू एका दूरच्या दीर्घिकेचं केंद्र निघाली. त्या केंद्रात महाकाय कृष्णविवर आहे. त्यातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघणारा झोत बरोबर आपल्या दिशेने रोखलेला आहे. अशा दीर्घिकांना ब्लेझर म्हणतात.

झोत आपल्यावर रोखलेला असल्यामुळे त्यात जरा काही घडलं की आपल्याला भडका दिसतो. रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंत सगळीकडे. दृश्य प्रकाशाचा एक फोटॉन साधारण २ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. बीएल लॅसर्टीकडून येणारे सर्वांत तगडे फोटॉन त्याच्या अब्जावधी पटींचे. २००८ पासून फर्मी उपग्रह दर तीन तासांनी सगळं आकाश एकदा चाळतो आणि गॅमा किरणांत कोण भडकलंय ते कळतं. त्याहून वरच्या ऊर्जेसाठी जमिनीवरच्या चेरेन्कोव्ह दुर्बिणी लागतात.

आता मूळ मुद्द्यावर येते.

लडाखमध्ये हानले इथे ४,२७० मीटर उंचीवर भाभा अणुसंशोधन केंद्राची मेस ही चेरेन्कोव्ह दुर्बीण आहे. आरसा २१ मीटर व्यासाचा, कॅमेऱ्यात १,०८८ प्रकाशसंवेदक, उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४. अशा दुर्बिणींमध्ये आशियातली सर्वांत मोठी आणि जगात सर्वांत उंचावरची. बातमी वाचताना मी सहज हानलेचं स्थान पाहिलं. रेखांश ७८.९६ पूर्व. नागपूरचा ७९.०९.

मी दोनदा तपासलं. फरक सुमारे अंशाच्या आठव्या हिश्श्याचा, म्हणजे काळात अर्धा मिनिट. बीएल लॅसर्टी आपल्याकडे मध्यमंडळावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण मधल्या रेघेवर) आली की अर्ध्या मिनिटाने ती हानलेला मध्यमंडळावर येते. मग नकाशात ती रेघ वरपासून खालपर्यंत बोटाने ओढत गेले. हानले, नैनितालजवळचं देवस्थळ, नागपूर, आणि खाली तमिळनाडूत कवलूर. देशातल्या मोठ्या वेधशाळा आणि आपलं गाव एका दोरीत ओवल्यासारखे आहेत. शून्य मैलाच्या दगडाचा अभिमान लहानपणापासून ऐकत आलेय. ही दुसरी रेघ मला कुणी दाखवली नव्हती.

याचा उपयोग असा, की हानलेत ज्या घटकेला गॅमा किरणांचा भडका नोंदला जात असेल, त्याच घटकेला तीच दीर्घिका आपल्या गच्चीवरून दृश्य प्रकाशात मोजता येते. 'त्या दिवशी' नव्हे, त्याच मिनिटाला. जो स्रोत तासाभरात रूप बदलतो त्याच्या बाबतीत या फरकाला फार किंमत आहे.

माझी मांडणी साधी आहे. आठ इंची दुर्बीण, मोटरवर चालणारी बैठक, थंड करता येणारा एकरंगी कॅमेरा, व्ही (हिरवट) आणि आर (तांबडा) हे दोन फिल्टर. ३० सेकंदांच्या वीस चौकटी एका फिल्टरमध्ये, वीस दुसऱ्यात. बीएल लॅसर्टीच्या शेजारी बी, सी, एच आणि के अशी अक्षरं दिलेले तारे आहेत. त्यांच्या प्रती अनेक वर्षांपासून ठरलेल्या आहेत. तेही आपल्या चौकटीत येतात, म्हणून त्यांच्याशी तुलना करून आकडा काढायचा. शहराचा उजेड, धूळ, दिवाळीचा धूर या सगळ्यांचा फटका ठिपक्याला आणि शेजारच्या ताऱ्यांना सारखाच बसतो आणि वजाबाकीत निघून जातो. २०२२च्या लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या रात्री आकाश राखाडी होतं, तरी माझी चूक ०.०४ प्रतीच्या आत राहिली. एरवी ती ०.०२ असते.

ऑक्टोबरच्या मध्यात रात्री पावणेनऊच्या सुमारास ती उत्तरेकडे ६९ अंश उंचीवर असते. जेवणं आटोपून वर जायची वेळ.

कुणी सोबत यायला तयार असेल तर लिहा. प्रश्नही विचारा. बाबा रोज मला झाकण काढून द्यायला आणि केबल सांभाळायला वर येतात, त्यांनाही हा धागा वाचून दाखवणार आहे.

---

चांदणचुरा

ताई, फार सुंदर लिहिलंय. रेखांशाचं वाचून मी पण नकाशा उघडून बसले.

एक शंका. गॅमा किरण वातावरणातून खाली येत नाहीत असं शाळेत शिकलो होतो. मग हानलेची दुर्बीण ते बघते कशी? आणि तासाभरात बदलणारी दीर्घिका हे डोक्यात बसत नाहीये. दीर्घिका तर लाखभर प्रकाशवर्षं रुंद असते ना?

---

मास्तरीण_धंतोली

रोहिणी, मी उत्तर देऊ का? अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि हे दोन्ही प्रश्न मला फार आवडतात.

पहिला प्रश्न. शाळेत शिकवलं ते बरोबरच आहे, गॅमा किरण खाली येत नाही. तो हवेच्या वरच्या थरात कशावर तरी आदळतो आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. त्यांच्यापासून पुन्हा गॅमा किरण, त्यांच्यापासून पुन्हा जोड्या, अशी कणांची सर कोसळते. यातले कण हवेतल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जातात. (निर्वातातल्या वेगापेक्षा नाही, हवेत प्रकाश किंचित मंदावतो.) तसं झालं की हवा निळसर चमकते. हाच चेरेन्कोव्ह प्रकाश. चमक टिकते एका सेकंदाचे काही अब्जांश भाग, आणि जमिनीवर शे-सव्वाशे मीटर त्रिज्येचं उजेडाचं वर्तुळ पडतं. दुर्बीण त्या वर्तुळात कुठेही उभी असली तरी तिला चमक दिसते, आणि चमकेच्या आकारावरून किरण कुठून आला ते काढता येतं. म्हणजे वातावरण इथे अडथळा राहत नाही, ते स्वतःच यंत्राचा भाग होतं. मुलांना हे सांगते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो.

दुसरा प्रश्न. मारबतीच्या मिरवणुकीत पुढच्यांनी आरोळी दिली की ती शेवटच्या माणसापर्यंत पोचायला वेळ लागतो. मिरवणूक जितकी लांब तितका वेळ जास्त. आता तुम्ही डोळे मिटून लांब उभ्या आहात आणि आख्खी मिरवणूक एका क्षणात ओरडून गप्प झाली, तर डोळे न उघडता म्हणू शकता की मिरवणूक छोटी आहे. दीर्घिकेचं तसंच. एखादा भडका काही मिनिटांत ओसरत असेल, तर तो जिथून येतोय ती जागा प्रकाशाला काही मिनिटांत पार करता येईल एवढीच असली पाहिजे. आख्खी दीर्घिका भडकत नाही, झोतातला एक चिमुकला भाग भडकतो.

आणि इथे खरी गंमत सुरू होते. २८ जून २०११ रोजी ॲरिझोनातल्या व्हेरिटास दुर्बिणींनी बीएल लॅसर्टीचा एक भडका पकडला. ऐन भरात तो क्रॅब नेब्युलापेक्षा (गॅमा किरणांत तेजाची तुलना नेहमी याच्याशी करतात) तेजस्वी होता आणि ओसरण्याचा काळ होता सुमारे १३ मिनिटं. आता तिच्या कृष्णविवराचं वस्तुमान एका अंदाजानुसार १७ कोटी सूर्यांएवढं धरा. त्या विवराची त्रिज्याच जवळपास २८ प्रकाशमिनिटं भरते. म्हणजे जे इंजिन झोत फेकतंय त्याच्यापेक्षा झोतातली ठिणगी लहान?

उत्तराचा एक भाग असा की झोत आपल्याकडे धावत येतोय. त्यातला गोळा स्वतः सोडलेल्या प्रकाशाच्या जवळजवळ बरोबरीने पळतो, त्यामुळे त्याच्याकडचे काही तास आपल्याकडे काही मिनिटांत येऊन पडतात. हा काळ वीसपट आकसतोय असं धरलं तर १३ मिनिटांचे चार तासांहून जास्त होतात आणि हिशेब जमतो. पण सगळीकडे तो एवढ्यावर जमत नाही. जुलै २००६ मध्ये पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझरने नामिबियातल्या हेस दुर्बिणींना दोनशे सेकंदांच्या मापाचे भडके दाखवले. तिथे काळ पन्नासपटीहून जास्त आकसला पाहिजे, नाहीतर झोताच्या आत आणखी एक झोत, किंवा चुंबकीय क्षेत्राच्या रेषा तुटून पुन्हा जुळण्याची प्रक्रिया मानावी लागते. यावर अजून एकमत नाही. ज्या गोष्टीवर जगातल्या मोठ्या डोक्यांचं अजून जमलेलं नाही, तिची रोजची मोजणी त्रिमूर्तीनगरात चालते, हे मला फार मोठं वाटतं.

---

चांदणचुरा

मॅडम, मारबतीचं उदाहरण जन्मात विसरणार नाही. मुलीला आत्ताच सांगितलं.

---

तर्री_पोहे

धागा वाचतोय. रोहिणीताई, एक सुचवू का? तुम्ही पेंचला का जात नाही? महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिलाच. आम्ही मागच्या डिसेंबरमध्ये सिल्लारीला गेलो होतो. मृगाच्या तलवारीतला नेब्युला नुसत्या डोळ्यांनी धुरकट दिसत होता. नागपूरच्या आकाशात काय आहे? आमच्या मागे दोन लॉन आहेत, लग्नाच्या सीझनमध्ये त्यांचे बीमलाइट ढगांवर फिरतात.

---

रोहिणी_त्रिमूर्तीनगर

तर्री_पोहे, पेंचला मी जाते आणि प्रत्येक वेळी परत यावंसं वाटत नाही. तिथलं आकाश जपण्यासाठी आजूबाजूच्या गावांतले दिवे बदलले, त्यांची तोंडं खाली वळवली. हे काम आपल्या जिल्ह्यात झालं याचा मला मनापासून आनंद आहे. आकाशगंगा बघायला, फिकट नेब्युलांचे फोटो काढायला पेंचच.

पण या कामाला गच्ची बरी. पेंचला मी महिन्यातून दोन रात्री जाऊ शकेन. गच्चीवर महिन्यातून वीस. भडका कधी येणार हे आधी कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे त्याच्या आधीची शांत रात्र कुणी मोजली होती का, हे फार महत्त्वाचं ठरतं. भडका सुरू झाल्यावर सगळे धावतात. तो कुठून चढला, तीन दिवस आधी काही हललं होतं का, रंग निळा झाला होता का, हे कंटाळवाण्या रात्रींच्या नोंदींतच सापडतं. माझ्या वहीत अशा रात्रीच जास्त आहेत आणि मला त्या भडक्याइतक्याच मोलाच्या वाटतात.

लॉनचा त्रास मलाही आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ईशान्येकडचा एक बीम अधूनमधून फिरतो. ३० सेकंदांऐवजी १५ सेकंदांच्या चौकटी घ्यायच्या, दुप्पट घ्यायच्या आणि उजळलेल्या काढून टाकायच्या. व्ही फिल्टरही थोडा उजेड अडवतो. चांदण्यातसुद्धा मोजता येतं. चेरेन्कोव्ह दुर्बिणी पौर्णिमेच्या आसपास बहुतेक बंद असतात, तेव्हा आपल्यासारख्यांच्या नोंदी ती फट भरतात.

---

अनुस्वार

लेख आवडला, पण प्रामाणिकपणे विचारतो. देवस्थळला ३.६ मीटरची दुर्बीण आहे, हानलेला २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे, जुन्नरजवळ गिरावलीला आयुकाची २ मीटरची आहे. ती असताना आठ इंचांच्या आकड्याची कुणाला खरंच गरज असते का? की हा आपल्या समाधानाचा भाग आहे? समाधानही चांगलंच, पण कळून घ्यायचंय.

---

रोहिणी_त्रिमूर्तीनगर

अनुस्वार, हा प्रश्न मी स्वतःला पहिली दोन वर्षं विचारत होते.

मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागावा लागतो. कुणाला तीन रात्री मिळतात, कुणाला दोन तास. एकाच दीर्घिकेकडे रोज बघत बसायला ३.६ मीटरचा आरसा कुणी देणार नाही, देऊही नये. बीएल लॅसर्टी १३-१४व्या प्रतीची असते तेव्हा तिला मोठा आरसा लागतही नाही. लागतो तो माणूस, रोज.

दुसरी गोष्ट पृथ्वीच्या फिरण्याची. सप्टेंबर २०२२ मध्ये नेचरमध्ये बीएल लॅसर्टीच्या २०२०च्या भडक्यावर एक शोधनिबंध आला. त्या उद्रेकात तिचं तेज सुमारे १३ तासांच्या तालात वरखाली होत होतं. दृश्य प्रकाशात, गॅमा किरणांत, आणि झोताच्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणातही. लेखकांनी त्याचा अर्थ लावला की झोताच्या चुंबकीय क्षेत्राला पीळ पडून एक बाक आला असावा. आता १३ तासांचा ताल एका गावातून कसा दिसेल? आपल्याकडून ती नीट उंचीवर सहा-सात तासच मिळते. मग दिवस उजाडतो किंवा ती मावळते. म्हणून जपानपासून अमेरिकेपर्यंत साखळी लागते. 'होल अर्थ ब्लेझर टेलिस्कोप' हे १९९७ मध्ये सुरू झालेलं जाळं नेमकं यासाठी आहे आणि त्यात हौशी निरीक्षकही असतात. या साखळीत जपान आणि युरोप यांच्या मधले काही तास आपल्या वाट्याचे आहेत. आपण मोजलं नाही तर तिथे आलेखावर नुसती मोकळी जागा दिसते.

याच संदर्भात माझी एक चूक सांगते, कारण नव्याने सुरू करणाऱ्या कुणाकडूनही ती होऊ शकते. पहिल्या हंगामात सलग पाच रात्रींच्या नोंदी मी भारतीय वेळेने टाकल्या. रकाना जागतिक वेळेचा होता. साडेपाच तासांचा घोळ. दुसऱ्या देशातल्या एका निरीक्षकाने विचारलं की तुमच्या आलेखातला चढ आमच्यापेक्षा उशिरा कसा. तेव्हा लक्षात आलं. त्याच दिवशी पाचही नोंदी दुरुस्त केल्या. १३ तासांच्या तालात साडेपाच तासांची चूक म्हणजे चढाच्या जागी उतार. तेव्हापासून कॅमेऱ्याला जोडलेला लॅपटॉप कायम जागतिक वेळेवर ठेवते आणि भिंतीवरचं घड्याळ घरच्यांसाठी.

---

अनुस्वार

पटलं. मोकळ्या जागेचा मुद्दा विशेष पटला. धन्यवाद.

---

काटोलचा_गडी

ताई, मी दोन दिवसांपासून हा धागा वाचून राहिलो. आमच्या इकडे काटोलले संत्र्याच्या बागेत आभाळ अजून काळं भोर आहे. माह्याजवळ दहा इंची डॉब आहे, हातानं फिरवाची. त्याले मोटर नाही, कॅमेरा नाही. शनीची कडी अन् गुरूचे चंद्र पाहून झाले. याच्यावर हे काम जमते काय? नसन जमत तर तसं सांगा, वाईट नाही वाटणार.

---

रोहिणी_त्रिमूर्तीनगर

दादा, जमतं! तुमचं आकाश आणि दहा इंच असतील तर १४व्या प्रतीपर्यंत आरामात दिसेल. डोळ्यांनी प्रत ठरवण्याची पद्धत फार जुनी आहे आणि अजून चालते.

असं करा. आधी त्या भागाचा तक्ता छापून घ्या, त्यावर तुलनेच्या ताऱ्यांच्या प्रती लिहिलेल्या असतात. बी तारा १२.८, सी तारा १४.२. बीएल लॅसर्टी त्यांच्या मध्ये कुठे बसते ते पाहायचं. बी ते सी हे अंतर मनात दहा भागांत वाटा आणि ती बीपासून किती भाग खाली आहे ते ठरवा. एकदा ठरवलं की नजर काढा, थोडं थांबा, पुन्हा बघा. दोन्ही वेळा तेच आलं तर लिहा. काल किती होती ते आठवू नका, इंटरनेटवरचा आकडा आधी बघू नका. नाहीतर डोळा तेच बघतो जे त्याला सांगितलंय. एक-दोन दशांशाची चूक राहील, चालेल. ती दीड-दोन प्रतींनी चढते तेव्हा तुमच्या नोंदीत ते स्वच्छ दिसेल.

लाल टॉर्च वापरा, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास द्या. वेळ जागतिक लिहा, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा.

---

वैनगंगा

मार्केरियन ४२१ चं नाव कुणीच कसं घेतलं नाही? गॅमा किरणांत सापडलेली आकाशगंगेबाहेरची पहिली टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट (लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेची दीर्घिका तीच ना? व्हिपल दुर्बीण, १९९२. मे १९९६ मध्ये तिचा एक भडका अर्ध्या तासात येऊन गेला होता. सप्तर्षीत आहे, उन्हाळ्यात छान उंचीवर असते, आणि तेव्हा आपल्याकडे पाऊसही नसतो.

---

मास्तरीण_धंतोली

वैनगंगा, बरोबर. मार्चमध्ये ती आपल्याकडून ७३ अंशांपर्यंत चढते आणि अंतरही निम्म्याहून कमी, सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षं. हानलेच्या हागार दुर्बिणींनी फेब्रुवारी २०१०चा तिचा मोठा भडका पाहिला होता.

पण गच्चीवरून मोजायला ती अवघड आहे. फक्त दोन कलांवर (अंशाच्या तिसाव्या भागावर) ५१ उर्सा मेजोरिस हा सहाव्या प्रतीचा तारा बसलाय, त्याचा झगमगाट चौकटीत पसरतो. शिवाय भौतिकी वेगळी आहे. झोतातले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेताना जो प्रकाश सोडतात तो मार्केरियन ४२१ मध्ये क्ष-किरणांत सर्वाधिक असतो. बीएल लॅसर्टीत त्याचा शिखरबिंदू बराच खाली, दृश्य प्रकाशाच्या आसपास असतो. तेच इलेक्ट्रॉन मग कमी ऊर्जेच्या फोटॉनना टक्कर देऊन गॅमा किरणांपर्यंत उचलतात. म्हणून बीएल लॅसर्टीत दृश्य आणि गॅमा बऱ्याचदा हातात हात घालून चढतात, मार्केरियन ४२१ मध्ये दृश्य प्रकाश पुष्कळदा थंडच असतो.

आणि कधीकधी सगळेच नियम मोडतात. जून २००२ मध्ये १ईएस १९५९+६५० या ब्लेझरने गॅमा किरणांत भडका दिला आणि क्ष-किरणांत काहीच हललं नाही. अशा भडक्याला 'अनाथ' म्हणतात. तो अनाथ आहे हे कळायलाही त्या वेळी बाकीच्या तरंगलांबींत कुणीतरी बघत असावं लागतं.

जाता जाता नागपूरकरांसाठी एक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची पंचवीस चेरेन्कोव्ह दुर्बिणींची रांगोळी पचमढीत होती. पाच बाय पाचची मांडणी, प्रत्येकीत ०.९ मीटरचे सात आरसे. तिथून क्रॅब नेब्युला आणि मार्केरियन ४२१ यांची निरीक्षणं झाली. हागारच्या सातही दुर्बिणींत अशाच आकाराचे सात-सात आरसे आहेत.

---

जुना_वऱ्हाडी

पचमढी? मी तीस वर्षं श्रावणात नागद्वारची यात्रा करतो. सातपुडा चढताना इथेच कुठे आकाशातली चमक मोजण्याचे आरसे उभे होते, हे मला आज या वयात कळलं. यात्रेच्या वेळी तर तिथे पाऊस आणि धुकं, हात समोर धरला तर दिसत नाही. पण या हिवाळ्यात नातवाला घेऊन जाईन आणि रात्री थांबेन.

मास्तरीणबाई, रोहिणी, दोघींचे आभार. रोहिणी, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.

---

रोहिणी_त्रिमूर्तीनगर

काका, सांगितला. ते म्हणाले, पचमढीला जाताना जाड स्वेटर घ्या.

काल आकाश मोकळं झालं. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा. वीस चौकटी मिळाल्या, नंतर पश्चिमेकडून पातळ ढग आले. हिशेब करून रात्री टाकते. दादा, तुम्ही बघितलं असेल तर माझा आकडा येण्याआधी तुमचा लिहा.

---

काटोलचा_गडी

पाह्यलं ताई. तक्ता हातात धरून ती जागा सापडायलेच पाऊण तास लागला. सरठात सगळे सारखेच दिसतात. मग बी सापडला, त्याच्यावरून सी, अन् मधातच ती. पहिल्यांदा वाटलं बीपासून पाच भाग खाली. थांबलो, चहा पेलो, पुन्हा पाह्यलं, सहा वाटले. मग तिसऱ्यांदा पाह्यलं. सहाच.

१३.६ लिवलं. वेळ १५:४० जागतिक.

बायकोले दाखवलं. ती म्हणे हा तर ठिपका आहे. म्या सांगतलं किती लांबून येऊन राहिला तो उजेड. मग ती बऱ्याच वेळ डोळा लावून होती.

---

रोहिणी_त्रिमूर्तीनगर

१५:३६ जागतिक, व्ही फिल्टर, १३.५२, चूक ०.०३.

दादा, दोन्ही नोंदी आजच पाठवूया. तुमच्यासाठी निरीक्षक-संकेत कसा घ्यायचा ते व्यक्तिगत निरोपात लिहिते. उद्या हवामान बरं दिसतंय, साडेआठला वर असेन.